घरचं यंत्र : दुसरी एसएसडी बसवताना



परीक्षा संपल्या आहेत, निकाल लागायचे आहेत, आणि ज्या घरात गेमिंगचा कॉम्प्युटर आहे त्या घरात सध्या एकच वाक्य ऐकू येतंय, "जागा नाहीये." महिन्याभरात आपल्या मंडळाच्या तीन घरांतून मला याच कारणासाठी फोन आले. एका घरी मुलाला नवा गेम टाकायचा होता, एका घरी मुलीला व्हिडिओ एडिटिंग शिकायचं होतं, आणि तिसरं घर माझ्याच थोरल्या भावाचं. तिन्हीकडे उत्तर एकच होतं : कॉम्प्युटर बदलू नका, आतली एसएसडी काढूही नका, शेजारी दुसरी बसवा. हे काम कसं करायचं, बाजारात काय बघायचं, आणि या कामात खरी जोखीम कुठे असते, ते या वेळी सांगते.

आधी एक गोष्ट मान्य करू. गेमिंगचा कॉम्प्युटर म्हणायला मुलाचा असतो, पण घरातलं सगळ्यात दमदार यंत्र तेच असतं. त्यामुळे फोन भरला की फोटो तिथे जातात. लग्नाचा व्हिडिओवाला पेन ड्राइव्ह देतो, तो तिथेच रिकामा होतो. आधार-पॅनच्या स्कॅन केलेल्या प्रती, घराच्या रजिस्ट्रीचे कागद, वडिलांच्या पेन्शनची पत्रं, सगळं त्याच्याच पोटात. एक दिवस पोट भरतं आणि मग भांडण सुरू होतं, की गेम काढायचे की फोटो?

दादाकडे नेमकं हेच झालं होतं. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये ५१२ जीबीची एकच एसएसडी. (विंडोज ती ४७६ जीबी दाखवतं. कुणी फसवलेलं नसतं. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पाढ्याने मोजतं. त्याच हिशेबाने १ टीबीची एसएसडी ९३१ जीबी दिसते.) मी कागद-पेन घेऊन हिशेब मांडायला लावला. विंडोज आणि कॉलेजची सॉफ्टवेअर मिळून ९५ जीबी. 'बाल्डर्स गेट ३' आणि 'रेड डेड रिडेम्पशन २' हे दोन गेम मिळून २७० जीबी. घरातले फोटो ८५ जीबी. आणि 'आजी' नावाचं एक फोल्डर, ९ जीबी. उरले १७. त्याला हवा होता 'स्टारफील्ड', जो १२५ जीबी मागतो.

'आजी' फोल्डरमध्ये आमच्या आईचा आवाज आहे. ती जाण्याआधीच्या दोन वर्षांत दादाने फोनवर तिच्याशी मारलेल्या गप्पा रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. एकूण ४१ फाइली, त्यातले काही व्हिडिओ. वहिनी म्हणाली, "एवढे गेम कशाला लागतात? काढ एक." भाचा म्हणाला, "एक काढला तर परत टाकायला दीडशे जीबी डाउनलोड करावं लागेल. आजीचं फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकूया ना, तसंही कोण ऐकतं?" यावर दादा जेवणाच्या ताटावरून उठला.

मुलाचं पहिलं म्हणणं चूक नव्हतं. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर १५० जीबी उतरवायला, वेग शेवटपर्यंत पूर्ण मिळाला तरी, सव्वातीन तास लागतात. पण ९ जीबी हलवून १२५ जीबीची सोय होत नाही, हेही खरं. घरात जागेवरून वाद होतो तेव्हा बहुतेक वेळा सगळ्यात लहान वस्तूवर बोट ठेवलं जातं. म्हणून आधी मोजा. सेटिंगमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'स्टोरेज' उघडलं की कुणी किती जागा अडवली आहे ते दिसतं.

बदलायची की वाढवायची?

दादा आधी एका दुकानात चौकशी करून आला होता. तिथे सल्ला मिळाला : जुनी ५१२ ची काढून द्या, तिचे पैसे वजा करू, १ टीबीची नवी बसवू, डेटा आम्ही कॉपी करून देऊ. ऐकायला सोपं आहे. पण यात तुमचा सगळा डेटा एकदा उचलून दुसरीकडे ठेवला जातो, आणि जुनी डिस्क फोटो आणि कागदपत्रांच्या खुणांसकट दुसऱ्याच्या हाती जाते. शिवाय खर्च १ टीबीचा, पण वाढ फक्त निम्मी.

मदरबोर्डवर दुसरा स्लॉट रिकामा असेल तर ती बसवण्यात शहाणपण आहे. जुनी जागेवरून हलतच नाही. विंडोज तसंच, फोटो तसेच. नवी डिस्क चालली नाही तर ती काढून परत करता येते आणि घरातलं काहीही बिघडलेलं नसतं. गेमसारखी जड पण पुन्हा मिळणारी वस्तू नव्या जागी न्यायची, आणि जुन्यावर श्वास घ्यायला जागा ठेवायची. एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेग उतरतो, कारण आतल्या आत डेटा हलवून झीज सारखी वाटायला तिला मोकळी जागा लागते. १०-१५ टक्के जागा नेहमी रिकामी ठेवावी.

बाजारात जाण्याआधी पुस्तिका वाचा

मदरबोर्डच्या डब्यातली ती जाड पुस्तिका कुणी वाचत नाही. हरवली असेल तर मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या. तिच्यात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली : 'एम डॉट टू' नावाचे स्लॉट किती, आणि त्यात किती लांबीची एसएसडी बसते. सर्वसाधारण माप २२८० असं लिहितात, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. च्युइंग गमच्या पट्टीएवढी ही वस्तू.

दुसरी : त्या स्लॉटमध्ये कोणत्या जातीची एसएसडी चालते. दिसायला सारख्या पट्ट्यांमध्ये दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. साटा जात सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत वाचते. एनव्हीएमई थेट पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गिकांवरून धावते. तिसऱ्या पिढीची सुमारे ३,५०० एमबी, चौथ्या पिढीची ७,००० एमबीपर्यंत, आणि पाचव्या पिढीच्या काही त्याच्याही दुप्पट. काही स्लॉट दोन्ही जाती घेतात, काही फक्त एनव्हीएमई. नुसतं 'एम डॉट टू एसएसडी द्या' म्हटलं तर हाती कोणती पडेल ते नशीब. जात आणि पिढी दोन्ही सांगा.

तिसरी, आणि सगळ्यात दुर्लक्षित : दुसरा स्लॉट वापरला तर काय बंद पडतं. मदरबोर्डवर मार्गिका मोजक्याच असतात. राजवाड्याजवळच्या जुन्या गल्ल्यांसारखं आहे, एका बाजूला गाडी लावली की समोरचा दरवाजा अडतो. अनेक बोर्डांत दुसऱ्या एम डॉट टू स्लॉटमध्ये काही बसवलं की साटाची एक-दोन पोर्टं आपोआप बंद होतात. आपल्याच एका वाचक काकांकडे असं झालं. नवी एसएसडी बसली आणि जुनी हार्ड डिस्क गायब! दहा वर्षांचे फोटो गेले म्हणून काकूंच्या डोळ्यांत पाणी. हार्ड डिस्क ठणठणीत होती. तिची केबल बंद झालेल्या पोर्टात होती, ती काढून चालू पोर्टात लावली आणि सगळं परत दिसलं. पुस्तिकेत ही माहिती एका लहानशा टीपेत असते.

भाच्याच्या कॉम्प्युटरमध्ये बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि रायझन ५ ५६०० प्रोसेसर आहे. या जोडीत पहिला एम डॉट टू स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला आणि चौथ्या पिढीचा असतो. दुसरा चिपसेटमार्फत चालतो आणि त्या चिपसेटच्या मार्गिका तिसऱ्या पिढीच्या आहेत. म्हणजे दुसऱ्या स्लॉटमध्ये महागडी एसएसडी बसवली तरी ती ३,५०० च्या आसपासच धावणार. नव्या पिढीची एसएसडी जुन्या स्लॉटमध्ये चालते, फक्त वेग स्लॉटचा मिळतो. मुलगा जरा हिरमुसला. मी त्याला म्हटलं, "अरे, हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलास तेव्हा जो फरक पडला तो पडला. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत गेम उघडायला लागणाऱ्या वेळेत फरक बहुतेकदा एक-दोन सेकंदांचा." फ्रेमचा आकडा तर ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. दुसरी एसएसडी बसवल्याने गेम जास्त गुळगुळीत चालेल असं कुणी सांगत असेल तर हसून पुढे व्हावं.

आकडा बघायचा तर टीबीडब्ल्यूचा बघा. एसएसडीवर एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे ते हा आकडा सांगतो. १ टीबीच्या चांगल्या एसएसडींवर तो बऱ्याचदा ६०० च्या आसपास असतो. रोज ५० जीबी लिहिलं तरी ६०० टीबी संपायला ३० वर्षांहून जास्त लागतील. म्हणजे घरगुती वापरात झिजून मरण्याची काळजी नको. पाच वर्षांची वॉरंटी असलेली घ्या, पक्कं बिल घ्या, आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

पेचकस हाती घेण्याआधी

दोन कामं आधी करायची.

एक, जी फाइल पुन्हा मिळणार नाही तिची प्रत बाहेरच्या डिस्कवर. जुनी एसएसडी हलवायची नसली तरीही. कॅबिनेट उघडलं म्हणजे हात आत जाणार, आणि हात आत जाणार म्हणजे काहीही होऊ शकतं.

दोन, बिटलॉकरची रिकव्हरी की. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ कॉम्प्युटरांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि घरच्यांना पत्ताही नसतो. बायोसमध्ये काही बदललं तर पडद्यावर एकदम ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती साधारणपणे ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने कॉम्प्युटर सुरू केला त्या खात्यात जमा असते. काम सुरू करण्याआधी ती शोधून कागदावर लिहून ठेवा. कागद म्हणजे कागद. त्याच कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवलीत तर किल्ली कुलपाच्या आत राहील.

बसवणं

हे काम वीस मिनिटांचं आहे, त्यातली पंधरा स्क्रू शोधण्यात जातात.

कॉम्प्युटर नीट बंद करा, मागचं बटण बंद करा, पिन काढा. मग पुढचं चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. कॅबिनेट सतरंजीवर नको, टेबलावर आडवं ठेवा. डावीकडचा पत्रा उघडा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते.

दुसरा स्लॉट बहुतेक बोर्डांवर खालच्या बाजूला असतो, आणि कधी कधी ग्राफिक कार्डाखाली लपलेला. कार्ड काढावं लागलं तर आधी त्याची वायर, मग पट्टीचा स्क्रू, आणि शेवटी स्लॉटच्या टोकाची कडी दाबून कार्ड सरळ वर. ओढाताण करायची नाही. स्लॉटवर पत्र्याचं झाकण असेल तर ते उष्णता शोषणारं झाकण आहे, ते काढा. त्याच्या आतल्या मऊ पट्टीवर पारदर्शक प्लास्टिक असतं, ते सोलायचं. तो कागद तसाच राहिला तर झाकण असून नसल्यासारखं.

आता एसएसडीची खाच स्लॉटच्या खाचेशी जुळवा, ३० अंशांच्या तिरक्या कोनात आत सरकवा. सोनेरी पट्ट्या जवळपास दिसेनाशा झाल्या की नीट बसली. हात सोडला की तिचं दुसरं टोक वर उचललेलं राहतं, तसंच असायला हवं. ते बोटाने आडवं दाबा आणि स्क्रू लावा. स्क्रू बोटाच्या पेराहून लहान असतो. तो एसएसडीच्या डब्यात सहसा नसतो, मदरबोर्डच्या डब्यातल्या पुडीत असतो. काही नव्या बोर्डांत स्क्रूऐवजी फिरवायची कडी असते. आम्ही इंदूरकर ज्याला सरळ पेचकस म्हणतो तो लहान आणि चुंबकी टोकाचा घ्या, नाहीतर स्क्रू आत पडला की कॅबिनेट उलटं करून हलवायची वेळ येते. स्क्रू फार आवळायचा नाही, टेकला की थांबा.

वायर एकही लागत नाही. भाच्याने बसवताना विचारलं, "आत्या, एवढंच?" एवढंच.

सगळ्यात धोक्याचं मिनिट

कॉम्प्युटर चालू केला आणि 'धिस पीसी'मध्ये नवी डिस्क दिसली नाही तर घाबरू नका. कोऱ्या वहीवर रेघा मारायच्या बाकी आहेत. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. ते लगेच विचारतं, नवी डिस्क सुरू करायची का, एमबीआर की जीपीटी? जीपीटी निवडा. मग खाली काळ्या पट्टीत 'अनअलोकेटेड' लिहिलेली जागा दिसेल. तिच्यावर उजवी क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', पुढे पुढे, एनटीएफएस, एखादं ओळखू येईल असं नाव, झालं.

पूर्ण कामातला खरा धोका इथे आहे. डिस्क ०, डिस्क १ हे आकडे तुमच्या मनातल्या क्रमाने असतीलच असं नाही. जुनी आधीपासून आहे म्हणून ती शून्य, असं धरून चालू नका. आकार बघा. ४७६ जुनी, ९३१ नवी. दोन्ही डिस्क सारख्याच आकाराच्या असतील तर काळी पट्टी कुणाची आणि निळी कुणाची ते बघा. ज्या डिस्कवर आधीपासून नावं आणि भाग दिसतायत तिला हात लावायचा नाही. 'फॉरमॅट' किंवा 'डिलीट व्हॉल्यूम' असे शब्द दिसले तर माउसवरून हात काढा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलावून वाचायला सांगा. या एका मिनिटात दोन माणसं हवीत.

नवी डिस्क अजिबातच दिसली नाही, तर बायोस उघडून तिथे तिचं नाव आहे का बघा. तिथेही नसेल तर बहुतेक वेळा ती पुरती आत सरकलेली नसते, किंवा स्लॉट एका जातीचा आणि एसएसडी दुसऱ्या जातीची असते.

गेम हलवताना फोल्डर उचलून टाकू नका. स्टीमच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज' आहे, तिथे नवी डिस्क जोडा, गेम निवडा आणि 'मूव्ह' म्हणा. पुन्हा डाउनलोड नाही. दोन गेम नव्या डिस्कवर गेले आणि जुनीवर २८७ जीबी मोकळी झाली. 'स्टारफील्ड'ही आला. वहिनीला एकही फोटो काढावा लागला नाही.

जागा मिळाली म्हणजे डेटा जपला गेला, असं नाही

या टप्प्यावर भाचा म्हणाला, "आता आजीच्या फोल्डरची एक कॉपी नव्या डिस्कवर टाकतो, म्हणजे बॅकअप झाला." चांगल्या मनाने म्हणाला, पण हा बॅकअप नव्हे. एकाच कॅबिनेटमधल्या दोन डिस्क म्हणजे एकाच कपाटाचे दोन कप्पे. पावसाळ्यात वीज कडाडून पॉवर सप्लाय जळला, घरात चोरी झाली, फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला, तर दोन्ही कप्पे एकदमच जातात.

एसएसडीची आणखी एक गोष्ट जुन्या हार्ड डिस्कहून वेगळी आहे. हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली तरी तिचा मजकूर बराच काळ तसाच पडून असायचा, आणि जाणकार माणूस तो परत काढू शकायचा. एसएसडीवर डिलीट केलं की विंडोज 'ट्रिम' नावाचा आदेश पाठवतं, आणि एसएसडी ती जागा फावल्या वेळात खरोखर पुसून टाकते. पुढच्या वापरासाठी ते बरंच असतं. पण चुकून गेलेली फाइल परत मिळण्याची आशा फार कमी उरते. एसएसडी बिघडतानाही हार्ड डिस्कसारखी कुरकुर करून इशारा देईलच असं नाही. आज चालू, उद्या बंद.

जुना नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आम्ही हेच केलं. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये राहिली. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी काम झालं की काढून कपाटात जाते. तिसरी एका लहान हार्ड डिस्कवर घालून ग्वाल्हेरला बहिणीकडे पाठवली. आपल्यासारख्या गावोगावी विखुरलेल्या घराण्यांना ही सोय आयती आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, कुठे ना कुठे आपलं माणूस असतंच. एकमेकांच्या प्रती सांभाळायच्या, दिवाळीला भेटलं की ताज्या करून घ्यायच्या.

प्रत केली म्हणजे ती उघडतेय का हे बघायलाच हवं. ते काम मी भाच्यावर सोपवलं. ४१ फाइली, प्रत्येक उघडायची, सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकायचा. अर्ध्या तासाचं काम होतं, त्याला सगळी दुपार लागली. आई १९६२ साली लग्न होऊन साताऱ्याहून इंदुरात आली. स्टेशनवरून टांग्यात बसल्यापासून ते सासरी पहिल्या सकाळी पोह्यांवर शेव आणि शेजारी जिलेबी पाहून ती कशी चक्रावली, हे सगळं तिच्या शब्दांत तिथे आहे. भाच्याने ते कधी ऐकलंच नव्हतं. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात येऊन दादाला विचारत होता, "बाबा, आजी टांगेवाल्याशी हिंदीत भांडली, ते खरं?" फाइलींना 'रेकॉर्डिंग १७' अशी नावं होती. ती बदलून त्याने प्रत्येकीला विषय आणि तारीख दिली. हे काम आम्हा भावंडांपैकी कुणी केलं नव्हतं.

थोडं बाकीच्यांसाठी

लॅपटॉप असेल तर दुसरा स्लॉट आहे का ते आधी बघा. गेमिंगच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये असतो, पातळ लॅपटॉपमध्ये क्वचितच. मागचं झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का हे कंपनीला विचारून घ्या.

घरात प्लेस्टेशन ५ असेल तर त्यातही अशी एसएसडी बसते. २०२१ च्या सप्टेंबरपासून ती सोय खुली आहे. तिथे चौथ्या पिढीची एनव्हीएमईच लागते आणि उष्णता शोषणारं झाकण असणं आवश्यक आहे. सोनीने सेकंदाला ५,५०० एमबी किंवा अधिक वाचनवेगाची शिफारस केली आहे.

आणि एक सावधगिरी. १६ टीबीची बाहेरची एसएसडी दोन-तीन हजारांत अशा जाहिराती दिसतात. अशा वस्तूच्या आत लहानसं मेमरी कार्ड असतं, आणि ते कॉम्प्युटरला खोटा आकार सांगतं. फाइली जाताना दिसतात, पण जागा संपली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा नुसती नावं उरतात. नवी म्हणून घेतलेली एसएसडी खरंच नवी आहे का हे 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या मोफत सॉफ्टवेअरने कळतं. ती किती तास चालली आणि तिच्यावर किती लिहिलं गेलं हे दोन आकडे बघा. कोऱ्या एसएसडीवर ते जवळपास शून्य असायला हवेत.

थोडक्यात सांगायचं तर क्रम असा ठेवा. आधी मोजा, मग पुस्तिका वाचा, मग प्रत करा, मग खरेदी, आणि शेवटी पेचकस. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो आणि रात्री साडेदहाला मला फोन येतो. फोन जरूर करा, पण प्रत काढून झाल्यावर.

पुढच्या अंकात वायफायचा राउटर घरात कुठे ठेवावा आणि देवघराच्या भिंतीमागे तो का चालत नाही, याबद्दल. तोवर आपापल्या डिस्कवर किती जागा उरली आहे ते आज रात्री बघून ठेवा.